कुणाचं ताट?

“म्हणजे मारणारा चांगला आणि सोडणारा वाईट, असंच ना बाबा?” साहेबांनी तावातावाने विचारलं.

लतीफबाबा चूल फुंकत होते. त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

“शेट, चहापत्ती आणलीत?”

“आणली.”

“मग साहेबांना आधी चहा देऊ. गरम डोक्याला गरम चहा बरा.”

शिंपलेटोकाचा दर्गा म्हणजे समुद्रात घुसलेल्या कातळावरची एक पांढरी घुमटी, आणि तिच्या पाठीला टेकलेली बाबांची झोपडी. दर गुरुवारी मी तिथे शिधा घेऊन जातो. मी काही मोठा भाविक नाही. बाजारपेठेत माझं दोरखंड, मासे धरायची गरी आणि नायलॉनचं दुकान आहे, आणि टोकावर गळ टाकून गरवायला जाणारा प्रत्येक जण आधी माझी पायरी चढतो. ज्या जागेमुळे आपला माल खपतो, तिथे अधूनमधून डोकं टेकवावं, एवढं मला कळतं. पण खरं सांगायचं तर मी बाबांचं बोलणं ऐकायला जातो. शिधा हे निमित्त.

साहेब म्हणजे उदयन राजाध्यक्ष. पुण्याचे. मोठ्या कारखान्यात यंत्रं बसवून देतात. गरवण्याचा नाद वडिलांपासूनचा. रॉड असा की हातात घेतला तर वाऱ्यानेच वाकतो. माणूस लाघवी, पण मान जरा ताठ. माझ्याकडून गरी घेतली की दुकानातच पक्कड मागायचे आणि गरीचा उलटा काटा दाबून सपाट करायचे. त्याने मासा सहज सुटतो.

“बापूशेट, मी आजवर एकही मासा मारलेला नाही,” म्हणायचे. “पकडतो, फोटो काढतो, सोडतो.”

मी म्हणायचो, “उत्तम. मारणारा आणि सोडणारा, दोघांना आमच्याकडे गरी एकाच भावात.”

त्या दिवशी ते गरी घ्यायला आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. टोकाकडे जाताना वाटेत बोलले. त्यांची मुलगी मृण्मयी लहानपणापासून त्यांच्याबरोबर यायची. बाबा तिच्या हातावर खडीसाखर ठेवायचे. आता ती दहावीला. गेल्या दिवाळीत तिने यायचं बंद केलं. म्हणाली, “पप्पा, खाणारे निदान भुकेपोटी तरी धरतात. तुम्ही त्यांना गंमत म्हणून दुखवता.”

तेव्हापासून बापलेकीत धड बोलणं नव्हतं.

“बाबांचं ती ऐकेल,” साहेब म्हणाले. “बाबा एकदा म्हणू देत की सोडणं हेच पुण्य. मग बघतो.”

म्हणजे साहेबांना निवाडा नको होता, दाखला हवा होता. दुकानात बसून एवढं तर मी शिकलोय. काही गिऱ्हाइकं माल बघायला येतात, काही आपण घरी आधीच घेतलेला माल चांगला आहे, हे ऐकायला येतात.

आता टोकावरची रीत सांगायला हवी. तिथे पाण्यात गरी टाकण्याआधी झोपडीतून विचारणा होते.

“कुणाचं ताट?”

गरवणाऱ्याने मोठ्याने सांगायचं. “आईचं.” “घरचं.” “बाळंतीण आहे, तिचं.” मग गरी टाकायची. ही रीत बाबांच्याही आधीची आहे म्हणतात. एकदा एक पहिलवान आला, छाती फुगवून म्हणाला, “अख्ख्या गावाचं!” संध्याकाळी त्याची टोपली काठोकाठ भरली. बाबा म्हणाले, “आता जा, गावाला बोलावून आण.” बिचारा अंधार पडेपर्यंत दारोदार आमंत्रणं करत हिंडला. त्यानंतर तो आला की हळूच म्हणतो, “माझं आणि बायकोचं.”

उदयनसाहेबांनी त्या दिवशी सांगितलं होतं, “कुणाचंच नाही. मी सोडणार आहे.”

बाबा आतूनच म्हणाले होते, “मग माशाला बोलावता कशाला?”

तिथून वादाला तोंड फुटलं होतं.

चहा झाला. साहेबांनी रॉड कातळातल्या खाचेत उभा केला, गरी पाण्यात, आणि स्वतः बाबांच्या समोर येऊन बसले. भरती चढत होती. त्यांनी फोन काढला आणि बाबांना एकेक फोटो दाखवू लागले. हातात तांबोशी, हातात शिंगाळा, हातात रावस.

“हे सगळे जिवंत परत गेले, बाबा.”

बाबांनी डोळे बारीक करून सगळं पाहिलं.

“छान आलेत. सगळ्यांत तुम्ही हसताय.”

“हो.”

“मासा एकातही नाही हसत.”

मला हसू आवरेना. विषय हलका करावा म्हणून मी आमच्या पेठेतल्या एका अडत्याची गोष्ट सांगितली. दर एकादशीला तो बाजारातून जिवंत खेकडे विकत घेऊन खाडीत सोडायचा. मोठं नाव झालं. एका एकादशीला त्याला टोपलीत मोडक्या नांगीचा खेकडा दिसला. मागच्या वेळीही असाच होता. त्याच्याही मागच्या वेळी. खाडीच्या वळणावर पोरं पागाचं जाळं टाकून बसलेली असायची...

बाबा पोट धरून हसले.

“खेकड्याला काय वाटलं असेल रे! एकादशी आली की निघाला बाजाराला!”

साहेब हसले नाहीत.

“माझी तुलना त्याच्याशी नको, बापूशेट. मी काळजी घेतो. काटा दाबतो, हात ओले करतो, मासा पाण्याबाहेर फार ठेवत नाही. बाबा, दया म्हणजे आणखी काय असतं?”

“तुम्ही मासे खाता?” बाबांनी विचारलं.

“खातो की. बाजारातून आणून.”

“हं.”

एवढंच. पण त्या ‘हं’नंतर साहेब दुप्पट जोराने बोलायला लागले. समुद्रातले मासे कसे कमी होतायत, मोठा मासा सोडला तर त्याचा वंश कसा वाढतो, एका माणसाने एक मासा सोडला आणि असं सगळ्यांनी केलं तर काय होईल. बोलणं खोटं नव्हतं. मीही मान डोलावत होतो. बाबाही मन लावून ऐकत होते.

दयेवर इतकं चाललं होतं, की दोरीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

रॉडचा शेंडा खाली गेलेला मला दिसला तेव्हा उशीर झाला होता. किती वेळ मासा ओढत होता, कोण जाणे. साहेब धावले. रीळ गुंडाळलं. वर आली हातभर तांबोशी, लालभडक, उन्हात पेटल्यासारखी.

साहेबांनी हात ओले केले. माशाचं तोंड उघडलं. आणि थांबले.

गरी ओठात नव्हती. पार आत गेली होती. माशाने सावकाश गिळली होती, कारण त्याला तेवढा वेळ मिळाला होता. कल्ल्यांतून रक्त येत होतं.

“दोरी कापून सोडतो,” साहेब घाईने म्हणाले. “आतली गरी कधी कधी गळून पडते. जगतो मासा.”

बाबा कातळाच्या कडेला येऊन उभे राहिले.

साहेबांनी दोरी कापली. मासा पाण्यात धरला, पुढेमागे हलवला. सोडला.

तांबोशी थोडी पुढे गेली... कलली... पांढरं पोट वर आलं. लाटेबरोबर आत, लाटेबरोबर बाहेर. वर एक घार फिरायला लागली होती.

साहेबांनी त्या बाजूला पाठ केली. रॉड पुसायला घेतला.

“पाण्यात आहे अजून,” ते म्हणाले. “मी सोडला होता.”

तेवढ्यात पाण्यात कुणीतरी उतरल्याचा आवाज झाला. बाबा. लुंगी, कफनी, सगळ्यासकट. सत्तरी ओलांडलेला माणूस छातीभर पाण्यात.

“बाबा! अहो बाबा, भरती आहे!” मी ओरडलो.

ते आले परत. निथळत. दोन्ही हातांवर तांबोशी, बाळाला आणावं तशी. तिचे कल्ले अजून उघडझाप करत होते. त्यांनी ती साहेबांच्या पायांपाशी ओल्या कातळावर ठेवली. मग झोपडीच्या दाराआडचं आखूड दांडकं आणलं. टोकावरून मासा घरी नेणारा प्रत्येक जण तेच वापरतो. मासा तडफडत ठेवायचा नाही, डोक्यावर घाव एकच.

ते दांडकं त्यांनी साहेबांसमोर धरलं.

“मी नाही मारत,” साहेब म्हणाले. “बाबा, तुम्हाला ठाऊक आहे. मी कधीच...”

बाबांनी हात तसाच धरून ठेवला. कफनीतून पाणी टपकत होतं.

“बापूशेट, तुम्ही करा.” साहेब माझ्याकडे वळले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मी पुढे व्हायला निघालो. माझा स्वभावच तसा, गिऱ्हाइकाची अडचण दिसली की हात पुढे होतो. बाबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो.

तांबोशीने तोंड उघडलं. मिटलं. उघडलं.

“कुणाचं ताट?” बाबांनी विचारलं. रोज झोपडीतून विचारतात तसंच, त्याच आवाजात.

साहेब माशाकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस रॉड उचलून निघून जाणार. गेला असता तर कुणी अडवलं नसतं, आणि पुण्यात जाऊन ‘आजवर एकही मारला नाही’ असं तो पुन्हा म्हणू शकला असता. फोनमधले सगळे फोटो साक्षीला होतेच.

ते गुडघ्यावर बसले. डावा हात माशावर ठेवला.

“माझं,” म्हणाले.

घाव एकच.

मी धंद्यात पुष्कळ माणसं पाहिली. दिलेला शब्द पाळणारी पाहिली, फिरवणारीही पाहिली. पण ज्याच्यावर आपण इतकी वर्षं मिरवलो, ते असं स्वतःच्या हाताने खाली ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले.

बाबांनी कोरडी लुंगी नेसली. साहेबांनीच खवले काढले, बाबांनी दाखवलं तसे. सुरी दुसऱ्याला दिली नाही. पोटातून स्वतःचीच गरी निघाली. ती त्यांनी धुतली, बघितली आणि खिशात टाकली. बाबांनी चुलीवर आमटी केली, कोकमं, तिरफळं, थोडं खोबरं. मी आणलेल्या शिध्यातला भात.

तिघं चुलीपाशीच जेवायला बसलो.

साहेबांनी डोक्यापर्यंत सगळं खाल्लं. काटान् काटा चोखला. ताटात शीत राहू दिलं नाही. एकदा मध्येच थांबले, डोळे पुसले. तिरफळं जास्त झाली असतील, असं म्हणून मी खोबऱ्याची वाटी पुढे सरकवली.

ऊन उतरलं. साहेब उठले, नवी गरी बांधली, काटा दाबला आणि कातळाच्या कडेला जाऊन उभे राहिले. मी कान टवकारले. झोपडीतून विचारणा व्हायची होती.

बाबा ताटं घासत बसले होते. त्यांनी विचारलंच नाही.

साहेब थोडा वेळ वाट बघत राहिले. मग गरी टाकली. या वेळी रॉड खाचेत उभा केला नाही. दोरीवर बोट ठेवून उभे. मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी मान हलवून गप्प केलं.

झटका आला त्याच क्षणी त्यांनी ओढ दिली. गोबरा होता, वीतभर. गरी ओठाच्या कडेला जेमतेम अडकलेली. साहेब खाली वाकले. माशाला पाण्याबाहेर काढलंच नाही. बोटांनी गरी फिरवली. मोकळी.

गोबरा खडकाखाली गेला. दिसला, नाही दिसला.

फोन खिशातच राहिला होता.

साहेब वळले आणि बाबांकडे आले. चेहऱ्यावर सकाळचा ताठा नव्हता, पण डोळ्यांत काहीतरी मागणं होतं. मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा पाटी दाखवायला आलेला.

“बाबा, सोडला मी त्याला. आता भूक नव्हती कुणाला... ठीक केलं ना?”

बाबा राखेने ताट घासत राहिले.

“घरी जातोय. मृण्मयीला काय सांगू? असा सोडला, हे सांगू ना?”

बाबांनी ताट समुद्राच्या पाण्यात विसळलं. उन्हाकडे धरून बघितलं. मग ते साहेबांच्या हातात दिलं.

“सोडलंस ते नको सांगू, बाळ. जेवलास ते सांग.”