कोरड्या पायांची ओटी

मळेसांगवीला नदी समोरून दिसते, पण पूर मागून येतो. घाटाच्या बारा पायऱ्यांवर उभे राहून पाण्याकडे बघणाऱ्या पाहुण्याला हे पटत नाही. मग त्याला गावामागच्या ओढ्यावर नेतात. गावातून टेकावर जाणारी वाट एकच आणि ती या ओढ्यातून जाते. काठावरच्या उंबराला साखळीने एक जाड फळकूट टांगलेले आहे, बुंध्याशी कुऱ्हाड ठेवलेली आहे. कुऱ्हाड चांगली धारेची, पण तिने कुणी काटकीही तोडत नाही.

तालुक्याहून पुराचा आराखडा करायला आलेली माणसे असोत, नाहीतर कुणाचे नवे जावई असोत, अनसूयाबाई आंबी त्यांना उंबराखाली बसवतात आणि सांगू लागतात. आंबी म्हणजे नदीवर होडी चालवणारे. अनसूयाबाईंच्या घरातली होडी जाऊन किती पिढ्या झाल्या कोण जाणे, पण ओढ्याची राखण त्यांच्याकडेच राहिली आहे, आणि ही गोष्टही.

फार वर्षांपूर्वी, नदीवर एकही पूल नव्हता तेव्हा, इथे भिवरा नावाची आंबीण होती म्हणे. नवरा अकाली गेला आणि होडी तिच्या हाती आली. बाजारकरी, वऱ्हाडी, माहेरी निघालेली बाळंतीण, सगळे तिच्याच होडीतून पैलतीराला जायचे. बाई बोलायला फटकळ, पण पाण्याची जाण तिच्याइतकी कुणाला नव्हती. ओढा नदीकडे धावतो आहे तोवर घोर नाही, हे तिला सासऱ्याने शिकवले होते. तो थबकला की समजायचे, नदी फुगते आहे. तो उलटा फिरला की दोन प्रहरांत टेकाची वाट बंद. मग गाव बेट झाले, घाटाच्या पायऱ्या कितीही उरल्या असल्या तरी त्यांचा उपयोग नाही.

एका श्रावणात ओढा थबकला. भिवराने गल्लोगल्ली हाक दिली आणि गाव टेकावर चढले. धान्याची पोती, दुभती जनावरे, म्हातारीकोतारी, सगळे वर गेले आणि दोन दिवस पावसात भिजत बसले. नदी पाचव्या पायरीपर्यंत आली, तिथे जरा रेंगाळली आणि उतरून गेली.

खाली आल्यावर ज्याला त्याला आपले नुकसान दिसू लागले. कुणाचे पीठ भिजले होते, कुणाची मडकी फुटली होती, पाटलांची गाभण म्हैस चिखलात घसरून लंगडत होती. पाणवठ्यावर पाटलीणबाई म्हणाल्या, "आंबीणबाईचा पूर बघितला का गं? माझा तर पायबी भिजला न्हाई!" बायका खो खो हसल्या. तेव्हापासून गाजावाजा होऊन काही घडले नाही की त्याला 'भिवराचा पूर' म्हणायची रीतच पडली.

एवढ्यावर भागले असते तर भिवराने ते सोसलेही असते. पण पाटलांनी तिला घाटावर बोलावले, नदीचे पाणी ओंजळीत घ्यायला लावले आणि शब्द घेतला. सातवी पायरी बुडाल्याशिवाय हाक मारायची नाही. मारली तर होडी दुसऱ्याच्या हाती जाईल. भिवराने शब्द दिला. घरी येऊन ती खूप रडली, असे सांगतात.

पुढच्या श्रावणात एका सकाळी लख्ख ऊन पडले होते. बायकांनी वाळवणे घातली होती आणि घाटावर जेमतेम चौथी पायरी भिजली होती. भिवरा सवयीने ओढ्यावर गेली. पाणी गढूळ, तांबडे. बघता बघता एक शेणाची गोवरी तरंगत आली, आणि ती आली नदीकडून गावाकडे. वर घाटमाथ्यावर आभाळ फाटले होते, इकडे उन्हात गावाला त्याचा पत्ता नव्हता.

भिवरा काठावर बसली. हाक मारावी तर शब्द मोडतो, आणि नदीचे पाणी हातात घेऊन दिलेला शब्द मोडला तर आंबीण कसली? गप्प बसावे तर सातवी पायरी बुडेस्तोवर मागची वाट गेलेली असेल, आणि वाटेबरोबर सगळे गाव. तिने पदर खोचला आणि ती उठली.

तिने होडी सोडून ओढ्याच्या तोंडाशी आणली. पुढे वल्हे मारावेच लागले नाही म्हणे, पाण्यानेच होडी गावाकडे ओढून नेली. टेकाच्या वाटेवर, ओढा जिथे सगळ्यात अरुंद, तिथे तिने होडी आडवी घातली. मग कुऱ्हाड घेतली आणि होडीच्या तळावर पहिला घाव घातला.

लाकडावर कुऱ्हाड पडल्याचा आवाज गावभर गेला. लोक धावत आले, पाटील सगळ्यांच्या पुढे. तोवर होडी पाणी पिऊन चिखलात रुतली होती आणि भिवरा तिच्या काठांवर होडीतल्याच फळ्या पुलासारख्या टाकत होती.

"भिवरे, येड लागलं का तुला? पोटाची होडी फोडतीस?"

भिवरा ताठ उभी राहिली. "हाक मारली न्हाई म्या, पाटील. सातवी पायरी बुडंस्तोवर माझं त्वांड बंद. पर पानी कुनीकडं चाललंय, ते तुमीच बघा."

पाटलांनी खाली बघितले. पाटील हेकट खरे, पण आंधळे नव्हते. आणि जिचे पोट त्या होडीवर, तिने ती आपल्या हाताने फोडली होती. ते वळले आणि गावाकडे तोंड करून ओरडले, "वाळवणं ऱ्हाऊ द्या! माणसं आन् जनावरं, टेकावर चला!"

त्या फळ्यांवरून गाव पलीकडे गेले. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतले, पोती हातोहात गेली, जनावरे शेजारून पोहवली. सर्वांत शेवटी पाटलीणबाई आल्या. भिवराने हात धरून त्यांना फळीवरून नेले. दिवस मावळायच्या आत होडी दिसेनाशी झाली, आणि सकाळी टेकावरून बघितले तर देवळाचा नुसता कळस पाण्यावर होता. माणूस एक गेले नाही, वासरू एक गेले नाही. हे सांगताना अनसूयाबाईंची मान आपोआप ताठ होते.

पूर ओसरल्यावर पाटलांनी सगळ्या गावासमोर पागोटे काढले. "गाव तुला नवी होडी करून दील. आनखी काय पायजे ते माग."

"आज पानी आलं म्हणून मान देताय व्हय?" भिवरा म्हणाली. "आज तर नदीनंच माझी साक्ष दिली. मागल्या सालीबी म्या खरंच बोलले हुते. पानी माघारी फिरलं, त्यात माझा काय गुन्हा? द्यायचं तर त्या सालाचं द्या. न्हाईतर पुढची आंबीण हाक मारायची सोडून पायऱ्याच मोजत बसंल."

पाटलीणबाई उठल्या आणि खण, नारळ, तांदूळ घेऊन आल्या. विधवेची ओटी कुणी भरत नसे. पाटलीणबाईंनी भरली. "माझा पाय भिजला न्हाई म्हणून हसले हुते गं," एवढेच त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

आता धरणातून पाणी सोडले की मोबाईलवर निरोप येतो, पंचायतीचा भोंगा वाजतो. पण उंबराच्या फळकुटावर कुऱ्हाडीचे ठोके पडले की मळेसांगवी कुणाला काही विचारत नाही, उठते. पूर आला तर ओसरल्यावर नदीची ओटी भरतात. आणि गाव टेकावर जाऊन बसले, पूर मात्र आलाच नाही, तर ठोके देणाऱ्याची ओटी भरतात. ती सवाष्ण असो, विधवा असो, पुरुष असला तर त्याने उपरणे पुढे धरायचे. सारे गाव अनवाणी येते, कोरड्या पायांनी.

गेल्या साली आराखडा करायला आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने वही उघडून विचारले, "आजी, तुमचा अंदाज किती वेळा चुकला?"

अनसूयाबाईंनी त्याला घरी नेले, पेटी उघडली आणि न शिवलेले खण एकेक करून त्याच्यासमोर ठेवले. अकरा भरले.

"चुकला न्हाई, सायेब," त्या म्हणाल्या. "अकरा येळा माझं गाव कोरड्या पायानं घरी आलं."