महाराज जागेच होते!

“नाही म्हणजे नाही! डोळ्याला डोळा लागलेला नाही आमचा!” राजा धैर्यशील गादीवर मूठ आपटून ओरडला.

“मग महालाच्या खिडक्या थडथडत होत्या त्या कशाने, महाराज?” जैतुनबीने विचारलं. “खाली हत्तीखान्यातले हत्ती सोंडा वर करून बघत होते. त्यांना वाटलं, माडीवर नवा हत्ती बांधलाय!”

“आम्ही घोरत नसतो! दिवाणजी, तुम्ही ऐकलंत काही?”

“मला डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतं, महाराज.”

“आणि उजव्या?” जैतुनबीने विचारलं.

“उजवा... पगडीखाली होता.”

झालं! शिपायांनी जैतुनबीच्या नवऱ्याला, बाबालाल पिंजाऱ्याला, दोन्ही दंडांना धरलं. बिचाऱ्याने महिनाभर कापूस पिंजून ढगासारखी गादी भरली होती. महाराज दुपारचे जेवून तिच्यावर आडवे झाले, चांगले दोन तास घोरले आणि उठून म्हणाले, व्यर्थ!

या दुखण्याचं मूळ राजाच्या भाटांत होतं. त्यांनी एकदा गायलं, ‘प्रजेच्या काळजीने ज्याला झोप येत नाही, तो हा नित्यजागृत राजा!’ राजाला ते गुळासारखं गोड लागलं. तेव्हापासून झोप यायची, पण कबूल करायची सोय राहिली नाही. आरसे पुसणाऱ्यापासून राणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक, बोलणार कोण? घरोघरचे पुरुष खुर्चीत मान टाकून घोरतात आणि हलवलं की म्हणतात, ‘जागाच आहे मी!’ हा तर राजा!

शरीराला मात्र सुख हवंच होतं. म्हणून दर महिन्याला दवंडी पिटायची, आम्हाला झोप आणेल असं काही आणा हो! सावरीच्या कापसाची उशी आली. वाळ्याची ओली चटई आली. पाणी भरलेल्या कातड्याचा पलंग आला, तो रात्रभर डुचमळायचा. तळपाय घासायला काशाच्या वाट्या आल्या. महाराज सगळ्यांवर झोपले आणि सगळ्यांना नावं ठेवली. ज्याची वस्तू, तो किल्ल्याच्या कोठडीत! सुटका कधी? महाराज स्वतःच्या तोंडाने ‘झोप लागली’ म्हणतील तेव्हा. आतापर्यंत आठ कारागीर आत गेले होते आणि एकही बाहेर आला नव्हता.

बाबालाल नववा. त्याला ओढत नेताना जैतुनबी दारात आडवी उभी राहिली.

“महाराज, उद्या दुपारी माझ्या गोधडीवर निजून बघा. फक्त मला तिथे बसू द्या.”

“म्हणजे तू सांगणार, महाराज घोरले? तुझा शब्द आम्ही धरणार नाही! तुझाच काय, कुणाचाच नाही!”

“तोंडातून शब्द काढणार नाही. हात तर चालवू? शिवणकामाची सवय आहे, रिकामं बसवत नाही.”

“हात खुशाल चालव!” राजा म्हणाला. “पण आम्ही जागे राहिलो, तर नवऱ्याशेजारची कोठडी तुझी!”

दुसऱ्या दिवशी राजाने मटणाचा रस्सा आणि बाजरीच्या तीन भाकरी चापल्या. मग गोधडी चाचपली.

“हे कोपऱ्यात कडक काय लागतंय?”

“चतकोर भाकरी, महाराज. उपाशी गोधडी झोप देत नाही.”

“झोप? आम्हाला? अगं, आमच्या सात पिढ्यांत...” आणि आठवी पिढी घोरायला लागली!

जैतुनबीने पिशवीतून सुई काढली.

उन्हं खिडकीतून उतरली तेव्हा राजाने डोळे उघडले. “व्यर्थ! सगळा वेळ टक्क जागे होतो आम्ही!”

“डोळे तर मिटलेले होते.”

“राज्याचा विचार करत होतो!”

“म्हणजे इथलं सगळं तुम्हाला कळत होतं?”

“सगळं! एक माशी आली, दोनदा नाकावर बसली, खिडकीतून गेली. माशीसुद्धा आमच्या नजरेतून सुटत नाही!”

“मग उठा की, महाराज.”

राजा उठला. गोधडीही उठली! राजाने हात उचलला, गोधडीचा कोपरा वर आला. पाय खाली सोडला, दुसरा कोपरा आला. करंजीला मुरड घालावी तसा राजा चारी बाजूंनी शिवलेला!

“हे... हे कुणी केलं?”

“मी.”

“कधी?”

“तुम्ही टक्क जागे होता तेव्हा! डाव्या बाहीला बावीस टाके घातले, उजवीला तीस. धोतराला मोजलेच नाहीत. मधे दोरा संपला, तो दिवाणजींनी पगडीचा काढून दिला.”

दिवाणजी छताकडे बघायला लागले.

“माशी कळली आणि सुई नाही कळली?” जैतुनबी म्हणाली. “का कळली, आणि मुकाट शिवून घेतलंत? तसं असेल तर सांगते बाजारात, आपला राजा जागा असताना एका पिंजारणीने त्याला गोधडीला शिवला! उद्या शत्रू तोफा आणणार नाही, महाराज, सुईदोरा घेऊन येईल!”

राजाचं तोंड लाल झालं. मिशी थरथरली. एक हुजऱ्या भीतीने खांबाआड सरकला. आणि राजा असा हसला, असा हसला, की तोल जाऊन गोधडीसकट पुन्हा आडवा झाला!

“लागली! लागली गं बाई झोप! आईच्या मांडीवर लागायची तशी लागली! दिवाणजी, नदीकाठचं कापसाचं शेत या बाईच्या नावे करा! भाटांना सांगा, आजपासून राजा दुपारचा झोपतो! आणि ते नऊ कारागीर, त्यांना उद्या चांगला मुहूर्त बघून सोडून देऊ.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “आता टाके उसव पाहू लवकर. आम्हाला जरा... मागच्या दारी जायची घाई आहे.”

जैतुनबीने कात्री मांडीखाली सरकवली आणि ऐसपैस बसली.

“आधी तुम्ही माझा माणूस सोडा, महाराज, मग मी तुम्हाला सोडते!”