चुन्याचं बोट

कोंढारीत शिरलात की झाडांचे बुंधे बघा. कुठल्याही बुंध्याला चुन्याचा पट्टा दिसणार नाही. वाळवी लागू नये म्हणून गेरू लावतात, पण चुना नाही. सडकेवरच्या झाडांना कुणी बाहेरचा माणूस चुना फासून गेलाच, तर बाया घागरी घेऊन जातात आणि तो धुऊन काढतात. पाहुणे कारण विचारतात. मग देवळाचे म्हातारे सोपानबुवा गुरव त्यांना पायरीवर बसवतात आणि सांगतात.

फार मागची गोष्ट. गावच्या इनामदारांची बायको उदाबाई हिने लेकीच्या लग्नासाठी घरापुढे बाग करायला घेतली. लेकीचं नाव राजस. वऱ्हाड चार महिन्यांनी येणार होतं. रोपं लावून वाढायची वाट बघायला बाईंना सवड नव्हती. म्हणून त्या मेण्यात बसून गावातली अंगणं बघत फिरायच्या. मागून हैबती माळी चुन्याचं मडकं घेऊन चालायचा. बाईंनी मान हलवली की त्याने त्या वस्तूवर चुन्याचं बोट ओढायचं. बोट लागलं की ती वस्तू निवडणाऱ्याची झाली, असा हुकूमच होता.

पाटलांच्या दारचे दगडी हत्ती असे गेले. सुतारांचं वृंदावन तुळशीसकट गेलं. कुणाची मोगऱ्याची आळी गेली, कुणाची गुरांना पाणी पाजायची दगडी डोण. बागेत हत्ती अगोदर उजवीकडे मांडले, मग बाईंना ते डावीकडे बरे वाटले. हैबती दिवसभर तेच उचलत होता.

एक दिवस बाई म्हणाल्या, "दारात सोनचाफा हवा. डेरेदार, फुलांनी भरलेला. कुणाकडे आहे रे?"

असा चाफा हैबतीच्याच अंगणात होता, बापाने लावलेला. तो घाईने बोलून गेला, "भागू कुंभारणीकडचा बघा, बाईसाहेब. त्याच्यासारखा पंचक्रोशीत नाही."

ते खोटं नव्हतं. पण त्या झाडाखाली काय आहे, हे हैबतीला ठाऊक होतं. भागूची पोर सहा महिन्यांची असतानाच वारली होती. तिला तिथेच पुरून वर भागूने रोप लावलं होतं. पुढे नवराही गेला. आता घरात ती आणि दारात तो चाफा, एवढंच उरलं होतं.

मेणा दारात थांबला तशी भागू झाडाला मिठी मारून उभी राहिली. "बाईसाहेब, चाक न्या, भट्टी न्या. याच्याखाली माझं लेकरू आहे."

उदाबाईंनी झाडाचा घेर नजरेने मोजला. "तरीच एवढं फोफावलंय," त्या म्हणाल्या. "हैबती, माती पण भरपूर घे. खत चांगलं असेल."

हैबती कसाबसा म्हणाला, "थोरलं झाड उपटलं की जगत नाही, बाईसाहेब."

"जगलं नाही तर त्याच खड्ड्यात तुला लावीन."

त्याने बोट ओढलं. दोन दिवस खणणं चाललं होतं. मुळांच्या जुडग्यातून जे इवलं इवलं निघालं, ते हैबतीने पागोट्यात गोळा केलं आणि भागूच्या पदरात घातलं. ती रडली नाही. तिने विचारलं, "एवढंच?"

चाफा बागेत उभा केला आणि आठवड्यात त्याची पानं झडली. वऱ्हाडाच्या दिवशी हैबतीच्या घरच्यांनी त्या वाळक्या फांद्यांना दोऱ्याने हजार फुलं बांधली. खाली राजसला पाटावर बसवलं. वऱ्हाडी बागेचं कौतुक करत होते, तेवढ्यात भागू आत आली. बाईंची निवड त्या दिवसापर्यंत चालूच होती, म्हणून हैबतीच्या हातात अजून चुन्याचं मडकं होतं. तिने त्यात बोट बुडवलं. त्याला मडकं मागे घेता आलं असतं. त्याने घेतलं नाही.

भागूने राजसच्या गालावर बोट ओढलं. "ही मी निवडली," ती म्हणाली.

नवऱ्या मुलाच्या आजोबांनी विचारलं, हा काय प्रकार आहे? सगळं गाव जमलेलं होतं. कधी न बोलणारे पाटील पुढे झाले. "बोट लागलं की वस्तू निवडणाऱ्याची. बाईसाहेबांचाच हुकूम आहे."

गाल पाण्याने धुतला, दुधाने धुतला, शेवटी राखेने घासला. कातडी सोलून रक्त आलं, पण चुना निघाला नाही म्हणे. "दुसऱ्याची झालेली पोर आम्ही कशी न्यावी?" असं म्हणून वऱ्हाड परत फिरलं.

त्याच संध्याकाळी राजस कुंभारवाड्याकडे निघाली. उदाबाईंनी तिचा हात धरला, तेव्हा ती म्हणाली, "बोट लागलेलं तुम्ही कुणाला ठेवून घेऊ दिलं होतं का, आई?"

भागूने तिला घागर दिली. नदीवरून पाणी आणायचं आणि चाफ्याच्या रिकाम्या खड्ड्यात ओतायचं. रोज, उन्हातान्हात. राजसच्या हातांना घट्टे पडले. भागूने तिला कधी मारलं नाही, कधी जेवायला उणं केलं नाही, आणि कधी नावाने हाकही मारली नाही.

उदाबाईंनी हत्ती परत केले, वृंदावन परत केलं, डोण आणि मोगरेही परत केले. चाफा तेवढा परत देता येण्यासारखा नव्हता. त्या भागूच्या दारात पदर पसरून बसायच्या. भागू मडकी थापत राहायची. "सोडली" एवढा तिचा एक शब्द राजसला सुटायला पुरे होता.

पाच वर्षांनी हैबती भागूच्या दारी गेला. "भागू, पोरीचा काय दोष? सोड तिला."

चाक थांबवून भागूने वर पाहिलं. "हैबतीदादा, तुझ्या दारचा चाफा यंदा फुलला का रे?"

तो तसाच उठला. घरी जाऊन त्याने बापाच्या हातचं झाड कुऱ्हाडीने तोडलं. त्यानंतर त्याने माळीकाम केलं नाही, असं सांगतात.

भागू मेली, पण तो शब्द बोलली नाही. राजस त्यानंतरही पाणी ओतत राहिली आणि म्हातारी होऊन त्याच घरात वारली. तिला न्हाऊ घातलं तेव्हा गालावर बोट तसंच होतं.

आजही कोंढारीत नवरी बोहल्यावर चढण्याआधी कुंभारवाड्यातली एक म्हातारी येते. नवरी कुणाचीही असो, तिचा स्वच्छ गाल ती ओल्या फडक्याने पुसते आणि मोठ्याने म्हणते, "सोडली." ते ऐकल्याशिवाय भटजी अंतरपाट धरत नाहीत.