ठमानं मोजलेली सावली

आमच्या कडेतळ गावात बाहेरचं माणूस आलं की आधी दगडांच्या रांगेबद्दल विचारतं. खालच्या वाडीतून ती पाटलांच्या अंगणाकडे चढत जाते. सुरुवातीचे दगड लांब लांब, मग जवळ जवळ, आणि शेवटचे तर एकमेकांना खेटून. त्यांना शेंदूर नाही, नवस नाही. फक्त एकही दगड हलवायचा नाही.

गावाच्या दक्षिणेला उभा कडा आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलला की कड्याआडच फिरतो आणि खालच्या वाडीत दीड-दोन महिने ऊन उतरत नाही. समोरच्या चढावर पाटलांची आळी, तिथं मात्र लख्ख ऊन. शाळेत शिकवतात की पृथ्वीच कललेली फिरते, म्हणून हे होतं. पूर्वी हे कुणाला ठाऊक नव्हतं. वाडीतल्या बाळंतिणींच्या विटाळानं सूर्य पाठ फिरवतो, असं तेव्हा पाटील सांगत, आणि पौष सरेपर्यंत बाळंतिणीला वर पाऊल टाकू देत नसत.

त्या वाडीत ठमा नावाची बाई होती म्हणे. तिची दोन लेकरं अशीच उन्हावाचून गारठून गेली. दुसऱ्याचे पाय ती दिवसभर तळहातांत चोळत होती, तरी ते तापले नाहीत. समोर शंभर पावलांवर पाटलांच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या.

ठमा रडली नाही, असं सांगतात. पुढच्या हिवाळ्यात ती रोज मध्यान्ही कड्याच्या सावलीच्या टोकाशी एक दगड ठेवू लागली. लोक हसले, पोरांच्या दुःखानं डोकं फिरलं म्हणाले. सावली चढत चढत अंगणाच्या कडेशी आली, थबकली आणि मागं फिरली. त्या वर्षी वाडीत एकही बाळंतपण नव्हतं.

त्याच्या पुढल्या वर्षी मार्गशीर्षात ठमाला मुलगी झाली. सातव्या दिवशी, सुवेराचा विटाळ फिटायच्या आतच, पोरीला फडक्यात गुंडाळून ती थेट पाटलांच्या अंगणात जाऊन बसली. होनाजी पाटील दारात आले.

"ठमे, ऊठ. आमचंही ऊन घालवतेस का?"

"गेल्या साली आमच्यात पाळणा हलला नाही, पाटील. मग सूर्य कुणाला विटला होता?"

पाटील म्हणाले, "बाईमाणसानं दगड मांडून देव मोजायचा?"

"देव नाही मोजला. तुमचं खोटं मोजलं."

मग तिनं सर्वांसमोर पैज घातली. सावली शेवटच्या दगडापर्यंत येईल. बोटभर जरी पुढं सरकली, तर पोरीला घेऊन मी गाव सोडीन. तोवर मात्र इथून उठणार नाही.

सहा दिवस ती तिथंच बसली. पाटलांनी पाणी बंद केलं, तर वाडीतल्या बाया घागरी घेऊन आल्या. सातव्या दिवशी मध्यान्ही सगळं गाव जमलं. सावली सरकत सरकत शेवटच्या दगडाला लागली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी तिथंच. तिसऱ्या दिवशी तिथंच. चार-पाच दिवसांनी दगड उन्हात आला.

पाटलांची म्हातारी आई आतून वाकळ घेऊन आली आणि तिनं ती पोरीखाली अंथरली. पाटील मान खाली घालून चुकलं म्हणाले. ठमानं पोरीचे पाय उन्हात उघडे केले, हात लावून पाहिले.

"हे तापले," ती म्हणाली. "आधीच्या चार पायांचं काय करू, ते सांगा."

पाटलांनी जाऊन अंगणाचं फाटक उखडून टाकलं. 

आजही पाटलांच्या अंगणाला फाटक नाही. थंडीत वाडीतली बाळंतीण लेकरू घेऊन येते आणि न विचारता उन्हात बसते. अंगणात कितीही मोठा पाहुणा बसलेला असो, तिला पाहून तो उठतो, जागा देतो. पाटलीण कोमट तेलाची वाटी आणून ठेवते. पाटलिणीचे आभार मानायची रीत आमच्याकडे नाही.