मुंग्यांचा गूळ

“मग मी थांबतो तरी का?”

“ते मला विचारतोस? पाय तुझे.”

“पायांना काही होत नाही, बाबा.”

“मग पायांची चौकशी कशाला करतोस? दुसऱ्या कुणाची तरी कर.”

एवढं बोलून पिराजीबाबांनी ढेपेतून गुळाचा एक खडा फोडला आणि समोरच्या माणसापुढं धरला.

समोरच्या माणसानं मान हलवली. नको.

बाबांनी तो खडा मठाच्या कट्ट्यावर ठेवला. तिथं मुंग्यांची रांग आधीच लागलेली होती. त्यांना आता या माणसाचा अंदाज आला होता.

हे मान हलवणारे गृहस्थ म्हणजे मुकुंद हेरवाडकर. तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीतले मोठे साहेब. दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात त्यांची हयात गेली होती, आणि या दिवाळीपासून त्यांनी स्वतःला मोजायला घेतलं होतं. रोज सकाळी गावातून निघायचं, टेकडीचा रस्ता धरायचा आणि माथ्यावरच्या मठापर्यंत न थांबता पळत जायचं, असा त्यांचा संकल्प होता. संकल्प करणं त्यांना कचेरीच्या सवयीनं चांगलं जमत असे. तिथंही काम त्यापुढं क्वचितच सरकायचं.

तयारीत मात्र कसूर नव्हती. बूट पुण्याहून मागवले होते. मनगटावर एक घड्याळ होतं, ते वेळ सोडून बाकी सगळं सांगायचं. छातीचे ठोकेसुद्धा.

टेकडीच्या निम्म्यावर एक वळण होतं आणि वळणावर चिंचेचं जुनं झाड. त्या चिंचेपर्यंत साहेब पळत येत. चिंचेखाली थांबत. उरलेली चढण मग चालत, मान खाली घालून, कामावर उशिरा येणाऱ्या शिपायासारखे.

माथ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला बाबा गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देत. माणूस चालत आला, गाडीवरून आला, की आईच्या कडेवर बसून आला, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. तो हेरवाडकरांना पडला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, “पाणी घेतो, बाबा. गूळ नाही. न थांबता पळत येईन, त्या दिवशीच गूळ.”

“बरं,” बाबा म्हणाले होते. “मुंग्यांचं नशीब उघडलं.”

गावात पळणं सोपं नसतं. शहरात कुणी पळताना दिसलं तर लोक म्हणतात, व्यायाम चाललाय. गावात पन्नाशीचा माणूस पळताना दिसला की लोक आधी त्याच्या मागं बघतात, मग पुढं. मागं कुत्रं नाही, पुढं आग नाही, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

“साहेब, कोण गेलं?”

“दवाखाना का, साहेब?”

सगळ्यात चिकाटीचा शिदू गवळी. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून तो रोज त्याच वेळी टेकडी चढायचा. साहेबांच्या बरोबरीनं आला की गाडी हळू करायचा.

“बसा की, साहेब. मठापातुर सोडतो.”

“नको.”

“पेट्रोल काय तुमच्यासाठी जादा लागत न्हाई.”

“शिदू, मी व्यायाम करतोय.”

“करा की. बसून करा.”

शिदूच्या चेहऱ्यावर खरीच काळजी असे, त्यामुळं त्याच्यावर रागावताही येत नसे.

तरी साहेब टिकले. पट्टा एका भोकानं आत गेला. वेशीजवळच्या कुत्र्यांनी भुंकणं सोडलं. एकदा तर त्यातलं एक कुत्रं चार पावलं बरोबर पळत आलं. या बक्षिसाबद्दल साहेब घरी दोन दिवस बोलत होते.

मग नडगी धरली. आठवडाभर मिठाच्या गरम पाण्यात पाय घालून बसावं लागलं. कचेरीतल्या लोकांनी आळीपाळीनं येऊन, आपण आधीच सांगितलं होतं असं सांगितलं. पुन्हा सुरुवात केली, तेव्हा चिंच कुणीतरी उचलून आणखी वर नेऊन लावल्यासारखी वाटली.

तीही गाठली. पण तिथं थांबले.

रोज तिथंच.

“मग मी थांबतो तरी का?” हा प्रश्न त्यांनी ज्या सकाळी विचारला, त्या सकाळी बाबांनी त्यांना लगेच जाऊ दिलं नाही.

“बस जरा, मोजणीदार. पळतोस कशासाठी?”

“संक्रांतीनंतर गावात दौड आहे. नाव दिलंय.”

“आणि?”

“तब्येत, बाबा. वय झालं.”

“आणि?”

साहेब बुटाच्या नाड्यांकडं बघत राहिले. नाड्या सुटल्या नव्हत्या. तरी त्यांनी एक सोडली आणि पुन्हा बांधली.

“मला आता त्रेपन्नावं लागेल.”

“लागू दे की. मलाही लागलं होतं. काही दुखलं नाही.”

“माझ्या दादाला लागलं होतं…”

“मग?”

“पुरं झालं नाही.”

बाबांनी तांब्या तेवढा जवळ सरकवला.

मग हेरवाडकर बोलले. दादा कसा होता ते सांगितलं. आवाजानं मोठा, अंगानं मोठा, दोन गल्ल्या पलीकडं राहणारा. दर रविवारी येणारा. दाराला चांगली बेल असताना तळहातानं दार बडवणारा. बेलवर त्याचा विश्वास नव्हता. वाजली की नाही हे बाहेरच्याला कळत नाही, म्हणायचा. चार वर्षांपूर्वी एका दुपारी त्यानं घरात चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत थांबला नाही.

“जन्मात पहिल्यांदा चहा सोडला त्यानं,” साहेब म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

“तुझं काळीज दाखवलंस कुणाला?”

“सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. पळा म्हणतात.”

“पण?”

“पण चिंचेजवळ आलो की ते जोरात वाजायला लागतं. मी घड्याळात बघतो. आकडा चढलेला असतो. मग वाटतं… बास. दादाचंही असंच झालं असेल.”

सांगता सांगताही ते वाजत होतं. साहेबांचा हात नकळत मनगटाकडं गेला.

बाबांनी तो हात मध्येच धरला. मग म्हातारा कष्टानं पुढं वाकला आणि त्यानं आपला कान साहेबांच्या छातीला लावला. त्याच्या जटांना राखेचा आणि गुळाचा वास होता. मोठ्या साहेबाच्या छातीवर असं डोकं कुणी ठेवलेलं नव्हतं. कचेरीत तशी पद्धत नसते. ते अवघडून बसून राहिले.

बाबांनी कान बाजूला घेतला.

“कुणीतरी दार वाजवतंय,” बाबा म्हणाले.

“बाबा, ते काळीज आहे.”

“असेल.”

“मग मी काय करू?”

“मला विचारतोस?” बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले. “घर तुझं.”

दुसऱ्या दिवशी साहेब निघाले, तेव्हा नलिनीबाई नेहमीसारख्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. नवरा पळायला गेला की तो परतून कडी वाजेपर्यंत त्या झोपलेल्या असत, म्हणजे डोळे मिटून जाग्या असत. साहेबांना ते ठाऊक होतं. ठाऊक असल्याचं त्यांनी कधी दाखवलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात असं थोडंफार न दाखवता चालवून घ्यावं लागतं.

हवेत गारठा होता. खाली गुऱ्हाळाचा धूर उसाच्या फडांवर पसरला होता. वेशीतल्या कुत्र्यानं एक डोळा उघडला आणि ओळखीचाच माणूस आहे असं बघून मिटला.

चढण लागली. वळण आलं. चिंच दिसली.

आणि छातीत सुरू झालं. धप. धप. धप.

हात मनगटाकडं गेला.

धप. धप. धप.

तळहाताचा आवाज होता तो. बोटांचा नव्हे, मुठीचा नव्हे. पसरलेल्या, जाड, उतावीळ तळहाताचा. रविवारी सकाळी दाढीचा साबण गालावर असताना येणारा, देवासमोर बसलं असताना येणारा. आणि त्याला जे उत्तर तीस वर्षं घरातून जायचं, तेच साहेबांच्या तोंडून गेलं, त्यांना विचारल्याशिवाय.

“आलो… आलो…”

ते थांबले. घड्याळाकडं बघितलंच नाही. चिंचेच्या मुळीवर बसले आणि रडले.

दादा गेला तेव्हा त्यांना रडायला सवड नव्हती. मांडव, गुरुजी, पाहुण्यांची उतरण्याची सोय, सगळं त्यांनीच पाहिलं होतं. कुठं म्हणून काही कमी पडलं नाही. तेराव्याला लोक म्हणाले, व्यवस्था असावी तर अशी. मग ते दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले होते. तिथंही काम साचलं होतं.

मागून मोटारसायकल आली. हळू झाली.

“बसा…” शिदूनं सवयीनं सुरुवात केली आणि बघितलं. गाडी बंद केली. “साहेब? कोण गेलं?”

“माझा भाऊ.”

“अरारा… कवा?”

“चार वर्षं झाली.”

शिदूनं यावर थोडा विचार केला. मग गाडी स्टँडला लावली, डोक्याचा टॉवेल काढला आणि साहेबांच्या शेजारी मुळीवर बसला. किटल्यांतलं दूध आज चार घरी उशिरा तापणार होतं, पण त्यानं एकदाही तिकडं बघितलं नाही.

ऊन चिंचेच्या शेंड्यावर आलं, तेव्हा साहेबांनी नाक पुसलं.

“तू जा, शिदू. लोक वाट बघत असतील.”

“सोडू का मठापातुर?”

“नको.”

“बरं,” शिदू म्हणाला. आज त्यानं आग्रह केला नाही. किक मारली आणि गाडी इतकी सावकाश काढली की धूळसुद्धा उडाली नाही.

साहेब उठले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं आणि पळायला लागले. बघणाऱ्याला ते पळणं वाटलं नसतं. शेजारून एखादी म्हैस पुढं निघून गेली असती. छातीत धपधप चालूच होती. साहेब मधून मधून नुसतं “हं” म्हणत होते, दोघं बरोबर चालताना दुसऱ्याच्या बोलण्याला म्हणतात तसं.

माथ्यावर बाबा कट्ट्यावर बसले होते. ढेप मांडीशी होती. मुंग्या हजर होत्या.

“थांबलो, बाबा.”

“बरं.”

“चिंचेखालीच. आज तर फारच वेळ.”

“कोण होतं?”

साहेबांचा श्वास वर-खाली होत होता. खालून कुठूनतरी गुऱ्हाळाच्या चरकाचा आवाज येत होता.

“दादा.”

बाबांनी मान डोलावली. दादा येऊन गेल्याचं जणू त्यांना आधीच माहीत होतं, फक्त नाव कळायचं राहिलं होतं.

मग साहेबांनी हात पुढं केला. स्वतःच्या अटीवर पाणी सोडून, उघडा हात.

बाबांनी ढेपेतून एक खडा फोडला आणि त्या हातावर ठेवला.

साहेब मूठ मिटायला लागले. बाबांनी ती मिटू दिली नाही. दुसरा खडा फोडला. पहिल्याच्या शेजारी ठेवला.

कट्ट्यावरच्या मुंग्या थोडा वेळ घुटमळल्या.

“दोन कशाला, बाबा?”

बाबांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

“दोघं आलात ना?”