दुर्बिणीला हात लावू नये

ओजसच्या सहाव्या वाढदिवसाला आईबाबा दोन्ही मुलांना घेऊन कोकणात गेले. लॉजच्या ओसरीवर समुद्राकडे रोखलेली मोठी दुर्बीण होती. मुलांना डॉल्फिन जवळून बघायचे होते. पण मालक घाणेकर गरजले, "लहान मुलांनी दुर्बिणीला हात लावायचा नाही. इथे माझा नियम चालतो!"

धाकटा कैवल्य हिरमुसला. ओजसने मात्र विचारलं, "काका, फक्त हातच लावायचा नाही ना?"

"बोटसुद्धा नाही!"

ओजस स्टुलावर चढला, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि वाकला.

"अरे, हे काय?"

"काका, मी डोळा लावतोय."

तेवढ्यात ओजस ओरडला, "डॉल्फिन! गेला, डावीकडे गेला!"

"थांब, हलू नकोस," म्हणत घाणेकरांनीच घाईघाईने दुर्बीण डावीकडे वळवली.