राजाची आमटी आणि घागरीजवळचा पाट

माझी लेक शाल्मली हल्ली कशालाही "काही नाही" म्हणते. शाळेत काय झालं? काही नाही. गुडघ्याला काय लागलं? काही नाही. पाच वर्षांच्या मुलीकडे इतकं "काही नाही" येतं कुठून, या काळजीने मला दोन रात्री झोप नाही. शिकलेली असल्यामुळे मला काळजीही तपशीलवार करता येते. शेवटी काल जेवताना तिला एक गोष्ट रचून सांगितली.

फार पूर्वी एका डोंगराळ राज्यात एक राजा होता. त्याला स्वयंपाकाची भारी हौस. दर गुरुवारी तो स्वतः आमटी करायचा आणि दरबाऱ्यांची पंगत बसवायचा. वैद्याने त्याचं मीठ बंद केलं होतं, म्हणून त्याचं स्वतःचं ताट राणीकडून वेगळं, अळणी यायचं. आमटीत मीठ तो अंदाजाने घालायचा. अंदाज मोठ्या मनाचा होता.

वाढून झालं की राजा पळी उगारून विचारायचा, "कशी झालीय? अगदी खरं सांगा." मागे दोन भालदार उभे.

"अप्रतिम, महाराज."

"मग आणखी घ्या."

पंगतीत पाण्याची घागर एकच. तिच्याजवळच्या पाटावरून दर वेळी धुसफूस व्हायची, आणि सगळ्यात जास्त प्रधान आणि सेनापती यांच्यात. खरं तर दोघं लहानपणापासूनचे मित्र.

"मागच्या गुरुवारी तुम्हीच बसला होतात."

"माझं वय बघा जरा."

"वयाचा आणि घागरीचा काय संबंध?"

"तांब्या सोडा आधी."

राजाला वाटलं, हा मानपानाचा वाद आहे. त्याने पाटांना क्रमांक दिले. मग क्रमांकांवरून भांडणं लागली. एका गुरुवारी तर दोघांनी एकमेकांच्या पगड्या ओढल्या.

राजा संतापला. "तुमच्यापैकी एकाने राज्य सोडून जायचं. कोणी, ते संध्याकाळपर्यंत तुम्हीच ठरवा."

प्रधानाचे डोळे भरून आले. सेनापतीने मान खाली घातली. पण मिठाचं नाव कोणी काढेना.

पाणी वाढणारी एक म्हातारी तिथेच उभी होती. राजाने तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं, "आजी, हे दोघं भांडतात तरी कशावरून?"

"मला कमी ऐकू येतं, महाराज. मी आपली नुसती बघते. तुम्ही पळी उगारून यांना काहीतरी दटावता, हे घाबरून माना डोलावतात आणि मग घागरीवर तुटून पडतात. एवढं काय दटावता हो?"

"दटावतो कुठे? आमटी कशी झालीय, ते विचारतो."

"असं विचारता?" म्हातारी म्हणाली.

राजाने हातातल्या पळीकडे बघितलं. ती खाली ठेवली. भालदारांना बाहेर पाठवलं आणि दोघांच्या मधे मांडी घालून बसला.

"आता सांगा."

मग प्रधान हळूच म्हणाला, "महाराज, मीठ..."

"मिठाचं काय?"

"आहे."

"म्हणजे जरा जास्त आहे?"

"गेली सहा वर्षं," सेनापती म्हणाला.

राजाचे कान लाल झाले. सगळ्यांनी पळीकडे बघितलं. ती जमिनीवरच होती. राजाने वैद्याला न विचारता आमटीत बोट बुडवून चाखलं, आणि घागर स्वतःकडे ओढली. तीन तांबे पाणी प्याल्यावर म्हणाला, "कोणी कुठे जायचं नाही. बसा." सेनापतीने चौथा तांब्या भरला आणि प्रधानाला दिला.

तात्पर्य: मोठ्यांच्या हातात पळी असली की खालचे खरं बोलत नाहीत, आपापसांत भांडत बसतात. खरं ऐकायचं असेल, तर मोठ्यांनी आधी पळी खाली ठेवावी.

गोष्ट मला बरी जमली असं वाटलं. मी लगेच शाल्मलीसमोर गुडघ्यांवर बसले, आवाज अगदी मऊ केला आणि विचारलं, "शाळेत काय झालं, बाळा?"

तिने तोंडातला घास गिळला. म्हणाली, "आई, तू अशी हळू बोलतेस ना, तेव्हा मला जास्त भीती वाटते."